समुद्राकाठी रोवलेली काडी

आठ वर्षं मी पोरांना भरती-ओहोटी शिकवली, आणि तोवर समुद्र म्हणून काही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. फळ्यावर पृथ्वी काढायची, चंद्र काढायचा, दोन्ही बाजूंना खडूने पाण्याचा फुगवटा दाखवायचा आणि 'दिवसातून दोन वेळा' या शब्दांखाली जाड रेघ मारायची. चंद्रपूरच्या ऊर्जानगरजवळच्या आमच्या शाळेतली पोरं तशीच रेघ वहीत मारून घ्यायची. परीक्षेत हा प्रश्न आला की माझ्या वर्गातलं कुणी चुकायचं नाही. मला त्याचा गर्व होता. गर्व मला तेव्हा बऱ्याच गोष्टींचा होता.

नवरा वीज केंद्रात शिफ्टमध्ये कामाला. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. कुटुंबासह प्रवास करायची सवलत त्याला बऱ्याच वर्षांनी एकदा मिळायची, आणि त्या वेळी ती वाया घालवायची नाही असं मी ठरवून टाकलं होतं. त्याच्या शिफ्टमधला एक जण रत्नागिरीकडचा. तो म्हणाला, "आमच्या गावाला जा, किनारा बघून घ्या, शेजारच्या काकू तुमची राहायची सोय करतील." मी बाबांनाही बरोबर घेतलं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि ते वैनगंगेकाठच्या मार्कंड्यापासून कोसभरावरच्या आमच्या गावात एकटेच राहत होते.

बाबांबद्दल इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आमच्या घरी डोंगा होता. माणसं, पोती, बकऱ्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळं बाबा वैनगंगेच्या पलीकडे नेऊन सोडायचे. थंडीत नदी आटली की तिच्या रेतीत डांगरं लावायचे. पावसाळ्यात नदी फुगली की तलाठ्यापासून बाळंतिणीच्या नवऱ्यापर्यंत सगळे बाबांकडे यायचे आणि विचारायचे, "भाऊ, आज जाता येईल का?" बाबा उठायचे, काठावर जायचे, पाणी जिथे रेतीला टेकतं नेमकं तिथे एक काडी रोवायचे आणि बाजूला बसून बिडी ओढायचे. बिडी संपली की काडीकडे पाहायचे. काडी पाण्यात गेली असेल तर नदी चढते आहे. पाणी काडी सोडून मागे गेलं असेल तर उतरते आहे. त्यांच्या तोंडून 'चढते' किंवा 'उतरते' एवढा एकच शब्द निघायचा आणि गाव तो मानायचं. त्यांचं चुकलेलं मी लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं.

आणि आमच्या नदीचा एक नियम आहे. पावसाळा सरल्यावर ती एकदा उतरायला लागली की उतरतच राहते. थंडीत सकाळी उतरलेलं पाणी दुपारी परत चढलं, असं आमच्या बापजाद्यांनी ऐकलेलं नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. मी, नवरा, बाबा आणि माझी सात वर्षांची मुलगी. बल्लारपूरहून निघून दोन दिवस रेल्वे आणि एसटी करत, अंगाचं भुस्काट होऊन, संध्याकाळी त्या गावात पोचलो. काकूंनी माजघर झाडून ठेवलं होतं, गरम पाणी काढून ठेवलं होतं. बाई प्रेमळ होत्या, हे मला आज कळतं. त्या वेळी मला त्यांचं हसू तेवढं दिसलं. मी नवऱ्याला म्हटलं, "बॅग इथीच ठेवा, मले झोप येऊन राह्यली," तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि म्हणाल्या, "ऐकायला मजा वाटते हो तुमचं!" झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी शाळेत भूगोलाबरोबर मराठीही शिकवणारी बाई, आणि ही मला ऐकायची मजा समजते!

सकाळी मी विहिरीवर तोंड धूत होते, तेव्हा काकू रहाट ओढता ओढता म्हणाल्या, "आज देवळाकडे जाल ना? साडेदहाला पुरी ओहोटी आहे. आरामात जा. पण बाराच्या आत परत फिरा हां, बाय. पाणी तिथे मागून येतं."

मी म्हटलं, "ठाऊक आहे मला. मी भूगोल शिकवते."

त्या कळशी उचलून आत गेल्या. ही गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली होती. बाबा तेव्हा अंगणात पोरीची वेणी घालायचा प्रयत्न करत होते आणि नवरा अंथरुणात होता. मी आत गेले आणि चहा ओतला. दोघांपैकी कुणालाही मी त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. मला ते सांगण्याइतकं मोठं वाटलंच नाही, आणि ज्या तोंडाने ते सांगितलं होतं त्या तोंडावर माझा राग होता.

किनारा मात्र असा होता की राग विसरायला झाला. सुरूच्या झाडांची रांग, तिच्यापुढे पांढरी वाळू, आमच्या नदीच्या रेतीपेक्षा कितीतरी बारीक, पिठीसारखी. उजवीकडे लाल डोंगराची सोंड पाण्यात उतरलेली. पाय टाकला की शेकडो इवलेसे खेकडे बिळात पळायचे आणि वाळूवर नुसत्या गोळ्या उरायच्या. पोरगी ओरडत त्यांच्या मागे धावत सुटली. बाबा पाण्याजवळ गेले, ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि थुंकली.

"आपल्या नदीचं पाणी इथीच येते काय वं?"

"नाई बाबा. आपली नदी उगवतीच्या समुद्राले जाते. हा मावळतीचा होय."

"मंग आपलं काईच नाई यात," बाबा म्हणाले, आणि खरोखर थोडे खट्टू झाले.

वाळूच्या टोकाला, किनाऱ्यापासून दोनेकशे पावलांवर समुद्रात एक काळा खडक होता. त्याच्या माथ्यावर महादेवाचं छोटं कौलारू देऊळ. गावात येणारा प्रत्येक पाहुणा ते बघायला जायचा. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला खडकाभोवती सगळीकडे पाणी. त्या वेळी, सकाळी साडेआठला, आमच्या आणि खडकाच्या मधल्या सखल पट्ट्यात कमरेएवढं पाणी हलत होतं. पाण्यातला महादेव पाहिल्यावर बाबांचे डोळे चमकले. मार्कंड्याच्या महादेवाला त्यांनी जन्मभर नदीकाठी पाहिलं होतं, इथे तो चारी बाजूंनी पाण्यात बसला होता. त्यांनी सुरूची एक वाळकी काडी उचलली, पाण्याच्या कडेला रोवली, बाजूला उकिडवे बसले आणि बिडी पेटवली.

मी ते पाहत होते. मला हसू आलं नाही, उलट बरं वाटलं. माझ्या बापाची विद्या कोकणातही चालते, असं काहीतरी.

बिडी संपली. पाणी काडीपासून चार हात मागे गेलं होतं. बाबांनी घाई केली नाही. दहापर्यंत थांबले. पाणी चाळीस पावलं मागे गेलं, मधला पट्टा उघडा पडला, त्यात घोट्याएवढी डबकी राहिली. खडकावर कालवं काढणाऱ्या पाच-सहा बायका टोपल्या घेऊन जाऊन बसल्या.

"उतार हाय," बाबा म्हणाले. "चांगला जोराचा उतार हाय. आता संध्याकाळलोक भेव नाई. चाल माय, महादेव पाहून येऊ."

पोरगी उड्या मारत उठली. नवरा मात्र उठून उभा राहिला. त्याला पोहता येत नाही. चंद्रपूरच्या वस्तीत, नळाच्या पाण्यावर वाढलेला माणूस.

"मामाजी, जरा थांबा. कोणाले विचारून येऊ का? गावातल्या लोकायले माहीत राह्यते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. बारा, एवढा एक आकडा. मी नवऱ्याला म्हटलं, आणि बाबांच्या देखत म्हटलं, "विचाराचं काय त्यात? त्यायची सारी उमर पाण्यात गेली. तुमी घागरीतल्या पाण्यालेई भेता!"

नवरा खाली बसला. त्याचा चेहरा पडला. बाबा पोरीचं बोट धरून निघाले. मनात मी म्हटलं, तासाभरात येतील, बारा वाजायला अजून किती वेळ आहे! आणि सुरूच्या सावलीत आडवी झाले.

जाग आली तेव्हा पहिलं काही पाहिलं असेल तर नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ. बाराला पाच कमी. खडकावर देवळाच्या पायरीशी पोरीचा लाल फ्रॉक दिसत होता. बाबा तिला काहीतरी दाखवत होते, समुद्राच्या बाजूला. मला हाक मारावीशी वाटली. पण हाक मारली तर नवरा विचारणार, एकदम काय झालं? आणि मग सकाळचं सगळं सांगावं लागणार. पाच मिनिटांनी काय होतं, म्हणून मी वेणी सोडून पुन्हा घालत बसले.

"अवं," नवरा म्हणाला, "त्या बाया काऊन परत येऊन राह्यल्या?"

कालवंवाल्या टोपल्या डोक्यावर घेऊन एकामागून एक पट्टा ओलांडत होत्या. भरभर. "काम झालं असंल," मी म्हटलं. शेवटच्या बाईच्या नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. सकाळी तिथे घोटाभर पाणी होतं.

मी उठले. समोरचा समुद्र अजून लांबच होता, म्हणूनच बाबा निवांत होते. ते समोर पाहत होते. पाणी येत होतं बाजूने, वाळूच्या टोकापलीकडच्या खाडीच्या तोंडातून, त्यांच्या पाठीमागच्या पट्ट्यात. आवाज नाही, लाट नाही, फेसाची एक बारीक ओळ वाळूवरून सरकत होती आणि तिच्या मागे पट्टा बुडत होता. काकू म्हणाल्या होत्या, मागून येतं. शब्द न् शब्द तसाच.

माझी पाचावर धारण बसली. मी पळत सुटले. "बाबा! बाबा!" वारा तोंडावर होता, हाक माझ्याच अंगावर परत येत होती. नवऱ्याने अंगातला सदरा काढला आणि 'थांबा, थांबा' ओरडत तो डोक्यावर गरगर फिरवायला लागला. बाबांनी वळून पाहिलं. सदरा पाहिला, मग पाणी पाहिलं. क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी धोतर वर खोचलं, पोरीला उचलून खांद्यावर बसवलं आणि खडकावरून खाली उतरायला लागले.

टोपलीवाली बाई पाठीमागून किंचाळली, "बोलवू नका हो त्यांना! मधल्या चराला ओढ आहे, पोरीसकट घेऊन जाईल! देवळात राहू दे, देऊळ बुडत नाही!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या नदीवर या काठावरून कापड फिरवलं की त्याचा एकच अर्थ असतो: डोंगा घेऊन ये, लवकर ये. लहानपणापासून बाबा त्या एका खुणेला उठत आले होते. जेवणावरून, तापातून, आईच्या तेराव्यावरूनही. नवरा त्यांना थांबा म्हणत होता आणि त्यांना ये असं ऐकू जात होतं. मी झडप घालून त्याच्या हातातला सदरा ओढला.

"फिरवू नका! बसा! खाली बसा!"

"काय?"

"बसा म्हणते ना! काठावरचा माणूस बसला म्हणजे घाई नाई. थांब म्हणजे. ते समजतील. बसा!"

मी ओल्या वाळूत मांडी ठोकली. नवऱ्याला मनगटाला धरून खाली ओढलं. कालवंवाल्या बाईला काही कळलं नसणार, पण ती टोपली उतरवून माझ्या शेजारी बसली, आणि तिला बघून बाकीच्याही बसल्या. आम्ही सात-आठ माणसं ओळीने पाण्यासमोर बसलो. बाबा मांडीएवढ्या पाण्यात उतरले होते. एक लाट आली आणि ते लडखडले. पोरीने त्यांचे केस मुठीत धरले. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मी हात मांडीखाली दाबून धरले, कारण ते आपोआप वर जात होते.

किती वेळ पाहिलं, सांगता येत नाही. मग ते वळले. चाचपडत, एक पाय एक पाय करत, पुन्हा खडकावर चढले आणि देवळाच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसले. आमच्यासारखेच, मांडी घालून. पोरीला त्यांनी मांडीत घेतलं.

आता काय, म्हणून मी त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, आज उधाण नाही, पाणी पायरीपर्यंत येईल, दारात येणार नाही. भरती पुरी झाली की पाणी घटकाभर थबकतं, तेव्हा होडी खडकाला लागते. त्याआधी लावली तर आपटून फुटेल. साडेचार-पाच वाजतील. तिने दुसरीला होडीवाल्याकडे पिटाळलं. तेव्हा साडेबारा वाजले होते.

चार तास मी तिथून उठले नाही. उठले तर बाबा उतरतील, हे भूत मानेवर बसलं होतं. पाणी आलं की आम्ही बसल्या बसल्या मागे सरकायचो. ऊन डोक्यावरून तोंडावर आलं. मधे केव्हातरी पोरगी उभी राहिली आणि मला हात हलवायला लागली. आई दिसली की लेकरू हात हलवणारच. मी तिला उलट हात हलवला नाही. तिने बराच वेळ हलवला, मग आबाजीच्या कुशीत तोंड घातलं. मी आयुष्यात पुष्कळ रडले आहे, पण त्या वेळी डोळ्यांत टिपूससुद्धा नव्हतं. नुसती भीती होती, सुकी. एकेक पायरी दिसेनाशी होत होती आणि मी त्या मोजत होते. पाच होत्या. तीन उरल्या. मग दोन.

काकू धावत आल्या त्या याच वेळी. अंगावर घरातलंच पातळ, पायात काही नाही. नवऱ्याने त्यांना पाहिलं आणि त्याचा आवाज फाटला, "कोणीच कसं सांगतलं नाई हो आमाले? इथी येणाऱ्याले काही सांगाची पद्धत नाई काय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "चुकलंच आमचं." मग त्या माझ्या शेजारी बसल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला चटक्यासारखा लागला.

होडी पाचच्या सुमाराला खडकाला लागली. शेवटची पायरी ओली झाली होती, उंबरा कोरडा होता. बाबांनी आधी पोरीला होडीवाल्याच्या हातात दिलं, मग स्वतः उतरले. होडी वाळूला टेकली तेव्हा मी उठायला गेले तर पाय उचलेनात, मुंग्या आल्या होत्या. नवरा छातीएवढ्या पाण्यात शिरला होता. पोहता न येणारा माणूस. त्याने पोरीला घेतलं आणि तिचं डोकं छातीशी दाबून धरलं.

बाबा होडीतून उतरले. माझ्याकडे आलेच नाहीत. जावयासमोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. सासऱ्याने जावयाला हात जोडावेत, असं आमच्याकडे कुणी पाहिलं आहे? त्या परक्या गावच्या माणसांसमोर ते म्हणाले, "जावईबापू, माह्यं चुकलं. मले पाणी समजते असं वाटत होतं. तुमच्या लेकरालेच मी..."

नवरा गडबडला. "मामाजी, असं नोका करू, मामाजी," म्हणत त्याने एका हाताने त्यांचे हात खाली केले. मी तीन पावलांवर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. काकू तिथेच होत्या, होकार द्यायला साक्षीदारही हजर होता. मी पुढे होऊन पोरीचे पाय पुसायला लागले.

घरी परतल्यावर आलेल्या पावसाळ्यात गावाहून चुलतभाऊ आला, तेव्हा कळलं. नदीला पूर आला होता आणि लोक नेहमीसारखे बाबांकडे गेले होते, जाता येईल का म्हणून विचारायला. बाबा काठापर्यंत गेलेच नाहीत. "दुसऱ्याले विचारा," म्हणाले. डोंगा त्यांनी पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतल्या एकाला देऊन टाकला होता. गावात कुणाला काही कळेना, म्हातारा असा एकाएकी का बदलला. चुलतभाऊ मला विचारत होता. मी म्हटलं, वय झालं.

पुढच्या उन्हाळ्यात ते आमच्या क्वार्टरवर राहायला आले होते. मी उत्तरपत्रिका तपासत होते आणि ते बाजूला खाटेवर पडून होते. एका पानावर कुणा पोराने चंद्र, पृथ्वी आणि पाण्याचा फुगवटा काढला होता. बाबांनी ते पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"हे काय होय?"

"समुद्राचं पाणी. दिवसातून दोन वेळा चढते, दोन वेळा उतरते. ते शिकवते मी पोरायले."

ते त्या चित्राकडे पाहत राहिले. मग अगदी सहज, मनात काही न ठेवता त्यांनी विचारलं, "मंग तुले हे पहिलेपासूनच माहीत होतं?"

"हो."

"तं त्या दिवशी मले काऊन नाई सांगतलं, पोरी?"

माझ्या हातात लाल पेन होतं. मी ते टोपण लावून खाली ठेवलं. "विसरली, बाबा."

त्यांनी पान माझ्या हातात परत दिलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"असू दे," ते म्हणाले. "माणूस विसरते."

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी विसरले नव्हते.